पाळी

पांझरेच्या बंधाऱ्याचा चुना अजून धरून आहे,
उकरला तर नखात राहतो, खाली पडत नाही.
तिथून पाणी निघायचं
आणि त्याच्या पुढे उखा निघायचा,
खांद्यावर फावडं, डोक्याला ओलं फडकं.
पाळलेलं कुत्रं मागे यावं
तसं पाणी त्याच्या मागे.

वरला फड, चिंचेचा फड, मधला,
आणि अगदी शेवटी उपाशी फड.
नाव उपाशी, पण पहिली पाळी त्याचीच.
शेपटाकडून तोंडाकडे, असा ठराव.
ज्या फडात ऊस, तिथं सगळ्यांचाच ऊस,
भात तर सगळ्यांचाच भात.
आखाजी झाली की पारावर बसून ठरायचं.
कुणाला मिरचीची हुक्की आलीच
तर त्यानं ती परसात लावावी.

उखा पाटकरी म्हणजे माझा पणजा.
स्वतःचं एक वाफाही नव्हतं.
बिघ्यामागे एक पेंढी, गुऱ्हाळातून एक ढेप.
राजधर पाटलानं एकदा रात्री त्याच्या मुठीत
चांदीचा रुपया दाबला.
उखानं घेतला,
सकाळी बंधाऱ्याच्या डागडुजीत जमा केला
आणि पाटलाला एक पाळी मागे सारलं.
म्हणाला, पानी कोनंच नही, पाळीनं शे.

हे आमच्या घरात फार अभिमानानं सांगतात.
हेही सांगायला हवं, की
गावभर पाणी सोडणाऱ्या त्या हातानं
वरच्या घाटावर घडा बुडवायचा नाही,
असाही एक ठराव होता.
तो पारावर कधी बसून ठरला नव्हता.

मग राजधरच्या पोरानं विहिरीवर इंजिन बसवलं.
नारळ फुटला, पेढे वाटले, गाव जमलं.
पुक पुक पुक.
उखाही गेला, धारेखाली हात धरला,
वास घेतला आणि म्हणाला,
हाई पानी आंधयं शे.
लोक हसले.
पुढच्या पावसाळ्यापर्यंत अकरा विहिरी झाल्या
आणि चिंचेच्या फडात
कुणी कापूस लावला, कुणी भुईमूग, कुणी काहीच नाही.
पाट कुणी बुजवला नाही.
तो काढायलाच कुणी गेलं नाही, एवढंच.

नंतरचा हिशेब फुटांत आहे.
वडील बोअरच्या गाडीवर होते. ते सांगायचे,
एकशे ऐंशीला गोड लागलं,
साडेतीनशेला बरं,
सातशे वीसला नुसता पांढरा धुरळा,
लग्नात उधळावा तसा.

मी ठिबकवाला.
नळ्या पसरतो, व्हॉल्व जोडतो,
मालकाच्या फोनवर हिरवा ठिपका आणून देतो.
खोटं कशाला बोलू,
एका फडाला जे पाणी लागायचं
त्यात आज चार फड भिजतात,
आणि कांदा असा येतो की उखा बघतच राहिला असता.
मलाही वाफा नाही. मलाही एकरामागे मिळतं.
म्हणजे धंदा तोच, फक्त फावडं गेलं.

परवा रात्री दोनला सुरतेहून फोन आला,
प्रमिलाताई सोनजे,
उपाशी फडातले साडेतीन एकर त्यांचे.
ठिपका लाल आहे हो, लाइट चारला जाईल.
गेलो. रेंज नाही, बॅटरी मिणमिणती,
काळ्या मातीला भेगा.
मध्येच पायाखाली मऊ लागलं,
हातभर रुंदीचा रेतीचा पट्टा,
वळत वळत उताराला चाललेला.
मी त्याच्यावरून चालत राहिलो.
बांध लागले नाहीत, ठेच लागली नाही.
बरोबर व्हॉल्वपाशी आलो.

हातानं फिरवला. नळीला कान लावला.
आत सुरसुर,
भाकरीवर पाणी फिरवल्यासारखी.

पूर्वी एक ओरडायचा, पानी उनं रे,
त्याचं ऐकून पुढचा, मग त्याच्या पुढचा,
पार गावकुसापर्यंत.
मी बांधावर चढून रेंज धरली
आणि लिहिलं, चालू झालं.
ताईंनी अंगठा पाठवला.

मग तिथंच जरा उभा राहिलो,
आज पाळी कुणाची असेल, ते मोजत.